पोटाकडून एक फोटो

'पोटाकडून एक फोटो हवा. चेहऱ्याचा मिळाला, छान आहे. संकोच न करता अगदी जवळून घ्या.'

पाठवणाऱ्याचं नाव 'विश्वजितसर, पीएच.डी.'. फोन तेजस्वीचा. तो फ्रीजवर चार्जिंगला लावलेला होता, तेजस्वी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, आणि तिचा नवरा आदर्श चहाचा कप ठेवायला स्वयंपाकघरात आला होता. मेसेज त्यानं मुद्दाम वाचला नाही. तो डोळ्यांसमोर उजळला म्हणून वाचला गेला. मग पडदा काळा झाला, तेव्हा त्यानं बोट लावून तो पुन्हा उजळवला आणि आणखी एकदा वाचला. हे मात्र मुद्दाम.

लग्नाला आठ महिने झाले होते. आदर्श आयटीआय झालेला टर्नर. उचगावात घराच्या परड्यातच त्याची शेड, शेडमध्ये दोन लेथ मशीन. तेजस्वी शिवाजी पेठेतली, रेशीमकिड्यांवर एम.एस्सी. केलेली. लग्न जमवताना दोन्हीकडच्या मंडळींनी 'मुलगी शिकलेली, मुलगा हुन्नरी' असं म्हणून विषय संपवला होता. आदर्शच्या मनात मात्र तो संपला नव्हता. आठ महिन्यांत बायकोनं त्याला एकही खरा प्रश्न विचारला नव्हता. 'चहा ठेवू?' किंवा 'येताना कोथिंबीर आणणार काय?' हे काही प्रश्न नव्हेत. ज्याचं उत्तर तिला येत नाही आणि त्याला येतं, असा एक तरी प्रश्न तिनं आपल्याला विचारावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी नव्हती.

आणि हा कोण विश्वजित, त्याला पोटाचा फोटो हवा होता.

आदर्श शेडमध्ये गेला आणि पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट त्यानं चोवीस पॉइंट सहावर नेऊन ठेवला. शेजारच्या मशीनवर गैबीमामा होते. आदर्शच्या वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर, साठी ओलांडलेले. त्यांनी तो शाफ्ट उचलला, व्हर्नियर लावून जाडी मोजली आणि तो भंगाराच्या डब्यात टाकला.

"आज हात कुठं हाय आन् डोस्कं कुठं?"

"मामा, एक इचारू? एखाद्या माणसानं दुसऱ्याच्या बायकोला पोटाचा फोटो मागितला, तर त्यो माणूस कोण असंल?"

मामांनी मशीन बंद केलं. नीट विचार केला. "डॉक्टर."

"डॉक्टरच हाय. पण पीएच.डी.चा."

"मग अवघड हाय," मामा म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दुपारी जेवताना आदर्शनं विषय काढला. त्याची आई बयाबाई ताटात भाकरी टाकत होत्या, तेजस्वी आमटी वाढत होती. सहज विचारल्यासारखं करायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण आवाज शेडमधून ओरडल्यासारखा निघाला.

"हे विश्वजितसर कोण?"

"कोळ्यांचे अभ्यासक," तेजस्वी म्हणाली. "साताऱ्याकडं कॉलेजात हायत. किड्यांच्या ग्रुपवर ओळख झाली. मी त्यांना फोटो पाठवतो, ते ओळखून सांगतात."

पेठेतल्या सगळ्या मुलींसारखी तीही स्वतःबद्दल 'मी जातो, मी बघतो' असंच बोलायची. लिहायचीही तसंच. उचगावात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

"आन् पोट कुणाचं मागालाय त्यो?"

तेजस्वीच्या हातातली पळी थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मग फ्रीजवरच्या फोनकडं पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं त्यात थोडी आमटी बयाबाईंच्या पातळावर गेली. उत्तर न देता ती आत गेली आणि श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आली. झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली होती. तिनं झाकण एका बाजूनं अलगद उचललं.

आत एक कोळी होता. पाय पसरले तर आदर्शचा पंजा भरेल एवढा. तपकिरी, आणि कुणीतरी वरून इस्त्री फिरवावी इतका चपटा. पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना काढलेले.

"न्हाणीमागच्या भिंतीवर सापडला. म्हणजे सापडली, मादी हाय बहुतेक. मी तर आजवर रेशीमकिडेच बघितले. हा जाळं विणत न्हाई आई, चालत जाऊन झडप घालतो. शिकारी."

"कशाचा शिकारी!" बयाबाई चार पावलं मागं सरून म्हणाल्या. "मेल्याला साधं जाळं सुदीक इणाय येत न्हाय. खराटा आण, मी दावतो शिकार कशी असती ती."

"आई, हात लावायचा न्हाई. सर म्हणालेत, पोटाकडून बघितल्याशिवाय जात नक्की सांगता येत न्हाई."

आदर्शचा संशय तिथंच फिटला. पण संशय गेला आणि त्याच्या जागी जे येऊन बसलं ते त्याहून वाईट होतं. संशय बोलून तरी दाखवता येतो. हेवा दाखवता येत नाही. तेजस्वी त्या माणसाला प्रश्न विचारत होती! डोळे आठ का? पाय असे आडवे का? भिंतीवरून घसरत कसा नाही? दिवसाला पंधरा-वीस प्रश्न, आणि प्रत्येकाचं उत्तर ती जेवताना वाचून दाखवायची. 'सर म्हणतात' हे दोन शब्द कानावर पडले की आदर्शचा घास मोठा व्हायचा.

पोटाचा फोटो काही जमत नव्हता. काचेच्या ग्लासात घालून बुडातून घ्यावा तर बूड जाड, सगळं धुरकट यायचं. विश्वजितसरांनी उपाय कळवला: डबा दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, गारठ्यानं ती हलत नाही, मग काय ते उरका. तेव्हापासून बयाबाईंनी फ्रीज उघडणं सोडलं. दूध लागलं तर त्या सुनेला हाक मारायच्या.

"लांबी किती हाय त्याची?" एका दुपारी आदर्शनं विचारलं.

"असेल की दोन-अडीच सेंटिमीटर."

"दोन, का अडीच?"

"अंदाजे ओ."

"अर्ध्या सेंटिमीटरचा अंदाज? आमच्यात असा अंदाज घेतला तर गिऱ्हाईक जॉब तोंडावर फेकून मारतंय."

"हे काय लेथ न्हवं," तेजस्वी फोनमध्ये बघत म्हणाली. "सरांना चालतंय."

सरांना चालतंय! हे वाक्य आदर्शला अंगात घुसलेल्या लोखंडाच्या किसासारखं दोन दिवस टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी तेजस्वी माहेरी गेली, संध्याकाळी परत येणार होती. ती कोपऱ्यावर रिक्षात बसलेली दिसली आणि आदर्शनं डबा फ्रीजमध्ये ठेवला. सरांनी दहा मिनिटं सांगितली होती. त्यानं बारा ठेवली. दोन मिनिटं टॉलरन्स, मापात चालतं तेवढं कमीजास्त.

शेडमध्ये त्यानं मापं घ्यायची सपाट बिडाची सरफेस प्लेट पुसली, तिच्यावर पांढरा कागद अंथरला आणि डबा उलटा केला. कोळी जसा पडला तसा राहिला.

"मेला काय?" गैबीमामांनी लांबूनच विचारलं.

"गारठलाय. मामा, ती हत्याराची धार बघायची भिंगाची काच द्या."

मग त्यानं व्हर्नियर लावला. दाब न देता, जबडे नुसते अंगाला टेकतील असा, जसा तो पितळेच्या पातळ बुशला लावायचा. शरीर तेवीस पॉइंट चार सहा. डोकं किती, पोट किती, पुढचा पाय किती, दुसरा किती. भिंगातून डोळे मोजले: वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार, त्यांच्यातली अंतरं अमुक. मामा आकडे लिहून घेत होते. पाचव्या मिनिटाला दोघांनाही त्यात गोडी वाटायला लागली होती.

"माप एकसारखं हाय बघ दोन्ही बाजूंनी," मामा म्हणाले. "चांगल्या मशीनवरचा जॉब हाय."

आदर्शनं मोठ्या कागदावर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढलं. समोरून दिसतो तसा चेहरा, आठही डोळ्यांसकट, वर. त्याच्या बरोबर खाली पाठीवरची काळपट नक्षी, ठिपक्याला ठिपका. शेजारी बाजूनं दिसणारा आकार. प्रत्येक रेघेला बाण आणि माप. उजव्या कोपऱ्यात, कुठल्याही ड्रॉइंगवर असते तशी, छोटी खूण: दोन वर्तुळं एकात एक, आणि शेजारी निमुळत्या नळीचा तुकडा. आता फक्त पोट राहिलं होतं. ते जमलं की सगळा कागद त्या साताऱ्याच्या माणसाच्या तोंडावर मारायचा, असं आदर्शच्या मनात होतं.

त्यानं कागदाची कड कोळ्याखाली सरकवली आणि त्याला उलटं करायला गेला, तेवढ्यात टॉलरन्स संपला. कोळ्यानं एक पाय हलवला. मग आठही हलवले. पुढचं काही दोघांनाही नीट दिसलं नाही. प्लेटवर होता, व्हाइसवर होता, भिंतीवर होता, आणि मग कुठंच नव्हता. आदर्शनं वर पाहिलं तर गैबीमामा स्टुलावर उभे होते.

"जॉब पळाला," मामा म्हणाले.

संध्याकाळी तेजस्वी आली, तिनं फ्रीज उघडला, डबा उघडला, आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ओ! कुठं हाय ती?"

आदर्शनं सगळं सांगितलं. त्याला मोजायची इच्छा का झाली, एवढं सोडून सगळं.

"मी भरवशावर ठेवून गेलतो की ओ! एक दिवस! फक्त एक दिवस गेलतो!" तिनं रिकामा डबा ओट्यावर आपटला. "सरांना आता काय तोंड दाखवू?"

"सरांना, सरांना! माप मी घेतलंय तिचं. पॉइंट झिरो दोनपर्यंत. ह्ये बघ."

तिनं ड्रॉइंग हातात घेतलं आणि डोळे पुसत बघितलं. आदर्श वाट बघत उभा राहिला. आता ती विचारेल, हे कसं मोजलं, हा बाण कशाचा.

"बरं काढलंय," ती म्हणाली. "हेच पाठवतो आता. दुसरं हाय काय माझ्याजवळ?"

तिनं फोटो काढला आणि पाठवून दिला. सात मिनिटांनी उत्तर आलं. ते तिनं मोठ्यानं वाचलं.

'चित्र पाहून थक्क झालो. असं मी आजवर कुठंही पाहिलेलं नाही. मला आधी हा घरातला साधा शिकारी कोळी वाटला होता, पण आता नवीच प्रजाती असावी असं दिसतं. कुणाजवळ काही बोलू नका, इथंही लिहू नका, आमच्या विभागात कान फार आहेत. रविवारी सकाळी मी स्वतः येतो. प्रजाती नवी ठरली तर तिला तुमचंच नाव द्यायचं, हे मी ठरवून टाकलं आहे.'

तेजस्वीचे डोळे अजून ओले होते, पण चेहरा उजळला. "माझं नाव!" ती म्हणाली. "अहो, माझं नाव!"

ड्रॉइंग आदर्शचं. माप आदर्शचं. थक्क व्हायचं काम त्या माणसाचं आणि नाव तेजस्वीचं. जो माणूस कायमचा दूर जावा म्हणून एवढा खटाटोप केला, तो आता रविवारी घरी येणार होता, आणि त्याला आदर्शच्याच पेन्सिलीनं बोलावणं गेलं होतं.

"नाव म्हंजे कायमचं?" दुसऱ्या दिवशी गैबीमामांनी विचारलं.

"कायमचं. जगातल्या सगळ्या पुस्तकांत."

"आन् तू काय दिलंयस तिला आजवर?"

"अंगठीत अक्षर कोरून घेतलंय की."

"किती अक्षरं?"

"एकच. त."

मामांनी हातातला जॉब पुसून बाजूला ठेवला. त्यांना त्या पोराची दया आली असावी.

रविवारपर्यंत शेडमध्ये कोळ्याचा शोध चालला. आदर्शनं रॅक हलवलं, बारदान झटकलं, पत्र्याच्या सांध्यांत टॉर्च मारला. सापडावा असं त्याला मनापासून वाटत होतं, कारण बायको दोन दिवस नीट जेवली नव्हती. सापडू नये असंही त्याला तेवढ्याच मनापासून वाटत होतं. बयाबाईंनी मात्र गल्लीत सांगून टाकलं होतं की रविवारी पावणं बघायला येणार हायत. "कुणाला बघायला?" असं समोरच्या बाईंनी विचारलं, कारण घरात लग्नाची मुलगी नव्हती. "कोळ्याला," बयाबाई म्हणाल्या. त्या बाई हळूच आपल्या घरात गेल्या.

रविवारी सकाळी साडेनऊला पाहुणा आला. आदर्शनं त्याची मनात जी मूर्ती केली होती ती उंच, गोरी आणि चष्म्याची होती. प्रत्यक्षात पस्तिशीचा, किडकिडीत, उन्हानं रापलेला माणूस पाठीवर मोठी सॅक घेऊन फाटकातून आत शिरला. इस्त्रीचा शर्ट घालून, छाती पुढं काढून आदर्श पायरीवर उभाच होता. त्याला पाहताच पाहुण्याचा चेहरा फुलला. सॅक खाली टाकून तो धावत आला आणि त्यानं आदर्शला कडकडून मिठी मारली.

"तेजस्वी! अरे, शेवटी भेटलो आपण! काय माणूस आहेस तू!"

आदर्शचे दोन्ही हात हवेतच राहिले. आज कुणाला तरी मिठी बसणार या धास्तीत तो चार दिवस होता, पण ती आपल्याला बसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"मी तेजस्वी न्हाय."

"नाही? मग ते कुठं आहेत?"

"ते कोण?"

"तेजस्वीसर!"

तेवढ्यात तांब्या-भांडं घेऊन तेजस्वी दारात आली. "सर, मीच तेजस्वी. बाहेरच येणार होतो, एवढ्यात तुम्ही आलात."

पाहुण्यानं तिच्याकडं पाहिलं, मग आदर्शकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "तुम्ही... 'होतो'?"

"पेठंतली हाय ती, पावणं," बयाबाई आतून म्हणाल्या. "तिकडं समद्या असंच बोलत्यात. मी तरी कुठं येगळं बोलतो?"

"पण तुम्ही तर लिहिता, 'मी पाठवतो', 'मी बघतो', 'मी उद्या काढतो'..."

"मग काय लिहायचं?" तेजस्वीनं प्रामाणिकपणे विचारलं.

विश्वजितसर पायरीवर बसले. आठवडाभरात आपण काय काय लिहिलं हे ते आठवत असावेत, कारण त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. 'संकोच न करता' या शब्दांशी ते पोचले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं.

"आणि प्रत्ययही चुकला," ते पुटपुटले. "प्रजातीच्या लॅटिन नावात पुरुषाच्या नावाला वेगळा असतो, बाईच्या वेगळा. मी पुरुषाचा लावून बसलोय."

आदर्शला काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. छातीवर ठेवलेली बिडाची प्लेट कुणीतरी क्रेन लावून उचलावी तसं काहीसं. आठ दिवस ज्या माणसाचा त्यानं हेवा केला, त्या माणसाच्या लेखी त्याची बायको हा एक हुशार पुरुष होता! त्यानं सॅक स्वतः उचलली आणि म्हणाला, "या की आत, पावणं. च्या घ्या."

पण चहा बाजूला राहिला. विश्वजितसरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ड्रॉइंगची छापील प्रत काढली आणि पलंगावर पसरली. गैबीमामाही रविवार असून आले होते. अशी गंमत चुकवायला ते इतके म्हातारे झाले नव्हते.

"हे बघा," सर हळू आवाजात म्हणाले, खिडकीकडं एक नजर टाकून. "घरातल्या शिकारी कोळ्याचं पोट खालून साधं असतं. आणि इथं खालच्या बाजूला किती दाट नक्षी आहे! पोटावर नक्षी असलेला असा कोळी मी बारा वर्षांत पाहिलेला नाही."

आदर्शनं मान पुढं काढली. "कुठल्या पोटावर?"

"हे. हे खालचं."

"ती पाठ हाय."

"पाठ? पण चेहऱ्याच्या खाली काढलीय."

"मग? वरनं बघितलेलं खालीच काढत्यात."

विश्वजितसरांनी कागद उलटसुलट फिरवून पाहिला.

"वरून बघितलेलं," सर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "खाली काढतात?"

"व्हय. आन् डाव्या अंगानं बघितलेलं उजवीकडं."

"का?"

"ड्रॉइंग तसंच असतंय. खूण केलीया की कोपऱ्यात."

सरांनी कोपऱ्यातल्या दोन वर्तुळांवर आणि निमुळत्या नळीवर बोट ठेवलं. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "हे... हे तिचं बीळ नाही?"

"बीळ?" गैबीमामा पुढं झाले. "ओ पावणं, ती फर्स्ट अँगलची खूण हाय. आयटीआयच्या पयल्या वर्साला शिकिवत्यात. ड्रॉइंग कसं वाचायचं ते सांगती ती."

"मी त्या बिळाच्या आकारावर दोन पानं लिहिली आहेत," विश्वजितसर म्हणाले.

तेजस्वीनं पदर तोंडाला लावला. ती हसते की रडते हे कळायला मार्ग नव्हता. तिच्या नावाची प्रजाती तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली होती.

खात्रीसाठी तरी कोळी बघू म्हणून सगळे शेडकडं निघाले. नेहमीप्रमाणे तेजस्वी शटरपाशीच थांबली. चार दिवस न सापडलेला कोळी विश्वजितसरांना दोन मिनिटांत सापडला. रॅकच्या मागं, पाण्याच्या पाइपशेजारी, भिंतीला चिकटून बसला होता, आणि पोटाखाली त्यानं एक पांढरी गोल चपटी चकती धरली होती.

"आमचा वॉशर चोरलाय," मामा म्हणाले.

"अंड्यांची पिशवी आहे ती. पोटाशी धरून हिंडते, आता खातही नाही." सरांनी टॉर्च बंद केला. "घरातला साधा शिकारी कोळी. गरम प्रदेशांत जगभर, घराघरांत सापडतो."

एवढं बोलून ते निघतील असं आदर्शला वाटलं होतं. पण ते निघाले नाहीत. त्यांनी ड्रॉइंग पुन्हा उघडलं, भिंतीवरच्या कोळ्याशी ताडून पाहिलं, मग आदर्शकडं वळले.

"डोळ्यांमधली अंतरं तुम्ही कशानं घेतलीत? जिवंत असताना? पाय न तोडता?"

"व्हर्नियरनं. दाब द्यायचा न्हाय."

"दाब कळतो कसा?"

"हाताला कळतोय."

"दाखवाल?"

आदर्शनं दाखवलं. सरांनी विचारलं की पातळ वस्तू वाकत कशी नाही. आदर्शनं सांगितलं. सरांनी विचारलं, लेथवर जॉब पकडून फिरवणारा चक म्हणजे काय, मध्य कसा धरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिरवता येईल असा एखादा बारीक चक बनेल का. आदर्शनं खडू घेऊन फरशीवर आकृती काढली. सर गुडघ्यावर बसले. एकामागून एक प्रश्न येत होते, खरे प्रश्न, ज्यांची उत्तरं विचारणाऱ्याला येत नव्हती आणि आदर्शला येत होती. फक्त ते भलत्याच माणसाकडून येत होते.

अर्ध्या तासानं त्यानं मान वर केली तर तेजस्वी शटरच्या चौकटीला टेकून अजून उभी होती. हातात चहाचे तीन कप होते, आणि तिन्हींवर साय धरली होती.

"माझे सर हायत ते," ती म्हणाली. "मी बोलावलेले."

"मग मी कुठं धरून ठेवलंय?"

"अर्धा तास झाला, माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. आणि तुम्ही! त्यांना सगळं दाखवताय. आठ महिन्यांत मला कधी आत ये म्हणालात?"

"तू कधी इचारलंस?"

"आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आत तेल असतंय, लुगड्याला लागतंय, जाऊ नको. मला वाटलं तुम्हालाच आवडत न्हाई. बाहेरच्या माणसाला दाखवताय की आता खडूनं काढून."

गैबीमामा एकदम आपल्या मशीनचं तेल तपासू लागले. विश्वजितसरांनी भिंतीवरच्या कोळ्यात पुन्हा लक्ष घातलं. आदर्शनं बायकोकडं पाहिलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, ओठ घट्ट मिटले होते, आणि ती त्या किडकिडीत पाहुण्याकडं अशा नजरेनं बघत होती की तो या घडीला साताऱ्याला पोचला तरी तिला चालेल. हे काय आहे ते आदर्शला कुणी सांगायची गरज नव्हती. आठ दिवस तो दुसरं काही करतच नव्हता. त्याला इतका आनंद झाला की खडू हातातून पडला.

"ये की आत," तो म्हणाला.

तेजस्वीनं कप स्टुलावर ठेवले, साडी सावरली, आणि लोखंडाच्या किसावरून जपून पावलं टाकत आली. फरशीवरची आकृती तिनं वाकून पाहिली. पाहुण्याच्या हातातलं ड्रॉइंग काढून घेतलं, तेही पाहिलं. पाठ खाली, चेहरा वर. कपाळाला आठी घातली. मग नवऱ्याकडं वळून, अगदी मनापासून, उत्तर माहीत नसलेल्या माणसाच्या आवाजात तिनं विचारलं,

"वरनं बघितलेलं खाली का काढायचं ओ? वर का न्हाई?"

आदर्शनं तोंड उघडलं.

आयटीआयची दोन वर्षं आणि त्यापुढची नऊ वर्षं तो वरून बघितलेलं खाली काढत आला होता. ते तसं का, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. त्यानं गैबीमामांकडं पाहिलं. मामांनी तातडीनं लेथ सुरू केलं.

"मला वाटतं, मी सांगू शकेन," विश्वजितसर भिंतीपासून वळून उत्साहानं म्हणाले. "म्हणजे असं बघा, आपण जर..."

"पावणं," आदर्श म्हणाला, "तुम्ही कोळी बघा."